वर्गात फौजेतल्या घरचं मूल आलंय: पुण्यातल्या नव्या शिक्षकांसाठी

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी सहावीतल्या एका मुलीला मी सलग तीन दिवस उभं केलं होतं. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही नव्हती म्हणून. चौथ्या दिवशी सही आली. वळणदार, एकेक अक्षर जपून काढलेली, वडिलांचं पूर्ण नाव. तिनेच केली होती. वडील उत्तरेत अशा चौकीवर होते की आठ-दहा दिवसांतून एकदा फोन लागायचा. आई एका रुग्णालयात रात्रपाळीला जायची. त्या मुलीनं खोटेपणा केला नव्हता. जो माणूस घरात नव्हता त्याची सही मी मागत होते, आणि तिला जे सुचलं ते तिनं केलं.

पुढची बावीस वर्षं मी त्याच भागात मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत शिकवते आहे. दर वर्षी वर्गात दोन-चार मुलं तरी फौजेतल्या घरची असतात. नव्यानं रुजू होणाऱ्या शिक्षकांना मी जे तोंडी सांगते, ते इथं क्रमानं लिहिते आहे.

आधी हे लक्षात घ्या: ती फक्त कॅम्पातल्या शाळांत नसतात

पुण्यात दक्षिण कमांडचं मुख्यालय आहे. खडकीला बॉम्बे सॅपर्सचं केंद्र, दापोडीला सीएमई हे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, खडकवासल्याला एनडीए, वानवडीला एएफएमसी हे सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय, लोहगावला हवाई दलाचा तळ. त्यामुळे सगळ्यांचा समज असा की फौजेतल्यांची मुलं केंद्रीय विद्यालयात नाहीतर आर्मी पब्लिक स्कूलमध्ये जातात, आपला काय संबंध. बरीच जातात, खरं आहे. पण वडील फील्डवर, म्हणजे सीमेकडच्या नेमणुकीवर, गेले की कुटुंबाला बरोबर नेता येत नाही. मग आई दोन मुलांना घेऊन धानोरी, दिघी, विश्रांतवाडी किंवा फुरसुंगीला भाड्याच्या खोलीत राहते, कारण जवळच तिची बहीण असते किंवा दीर असतो. मुलं चालत जाता येईल त्या शाळेत जातात. सातारा, कोल्हापूर, नगरकडची अशी कितीतरी घरं आपल्या आसपास आहेत. यात केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल आणि रामटेकडीच्या राज्य राखीव दलातल्या जवानांची मुलंही धरा. गणवेश वेगळा असला तरी घरातली रिकामी खुर्ची तीच असते.

पेन्शनवर आलेल्यांची मुलं आणखी वेगळी. जवान चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतो आणि घर पुण्यात किंवा गावाकडे आणतो. आजवर हिंदी-इंग्रजीत शिकलेलं मूल एकदम मराठी किंवा सेमी-इंग्रजी वर्गात येऊन बसतं. बाबा आता रोज घरी आहेत, म्हणजे सगळं सुरळीत झालं असं शाळा धरून चालते. प्रत्यक्षात घरातला प्रत्येकजण नव्यानं जमवून घेत असतो.

पहिली पायरी: माहिती घ्या, चौकशी करू नका

प्रवेश अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात बहुतेक 'नोकरी' एवढंच लिहिलेलं असतं. तिथं तीन साधे प्रश्न वाढवा. आई किंवा वडील सैन्यदलात किंवा सुरक्षा दलात आहेत का? सध्या ते कुटुंबासोबत राहतात का? अडचणीच्या वेळी शाळेनं आधी कुणाला फोन करायचा? एवढं पुरतं.

कोणतं युनिट, कुठं नेमणूक, कधी निघणार, कधी येणार, हे लिहून घेऊ नका. शाळेला त्याचा उपयोग नाही, आणि घरच्यांनी ते बाहेर सांगू नये अशीच त्यांना ताकीद असते. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर 'अमक्याचे बाबा सध्या लडाखला आहेत, अभिनंदन' असा मजकूर एका शिक्षिकेनं प्रेमापोटी टाकला होता. त्या मुलाच्या आईला तो काढून टाका म्हणून फोन करावा लागला, आणि तो फोन करताना तिला फार अवघडल्यासारखं झालं होतं. तसं होऊ देऊ नका.

ही माहिती मुलाला वर्गात उभं करून विचारायची नाही. 'तुझे बाबा कुठं असतात रे?' याला 'ड्युटीवर' हे पूर्ण उत्तर आहे. त्यापुढे कुणी खोदून विचारायचं नाही, शिक्षकांनी नाही आणि मुलांनीही नाही. एवढा एक नियम वर्गात रुजला तरी त्या मुलावरचा निम्मा भार उतरतो.

आणि शाळेत एक माणूस नेमा. समितीची गरज नाही, एकच माणूस हवा. वर्गशिक्षक दर जूनला बदलतात, म्हणून शक्यतो ग्रंथालयाच्या बाई, क्रीडाशिक्षक किंवा पर्यवेक्षक, ज्यांच्याकडे मूल कधीही जाऊ शकेल असं कुणीतरी. आमच्याकडे कित्येक वर्षं हे काम शाळेतल्या मावशींनी केलं. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं. नंतर आम्ही ते रीतसर ठरवलं, कारण मावशी रजेवर असल्या की ती मुलं व्हरांड्यात घुटमळताना दिसायची.

दुसरी पायरी: दाखल्यावाचून मूल घरी बसवू नका

बदलीचा हुकूम शाळेचं वर्ष बघून निघत नाही. मूल नोव्हेंबरात येईल, फेब्रुवारीत येईल. आल्यावर पहिला अडथळा दाखल्याचा. जुनी शाळा हजारभर किलोमीटरवर, दाखला पोस्टात किंवा सहीसाठी अडकलेला, आणि इकडे कार्यालय म्हणतं, 'दाखला आणा, मग बघू.'

शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम ५ तुमच्या कार्यालयातल्या भिंतीवर लावा. मुलाला राज्यात किंवा राज्याबाहेर शाळा बदलावी लागली, तर जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा आहे, आणि दाखला यायला उशीर झाला या कारणासाठी नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. ही तरतूद ६ ते १४ वयोगटासाठी आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या प्रवेशासाठी आहे. विनाअनुदानित शाळांना माझं सांगणं एवढंच की कायद्यानं बांधलं नसलं तरी मूल तेच आहे. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. आणि कलम १३ विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे: प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेता येत नाही. पातळी बघायची असेल तर प्रवेश झाल्यावर, शिकवण्यासाठी बघा.

अमेरिकेत सैनिकांच्या मुलांच्या शाळाबदलासाठी पन्नासही राज्यांनी आपसांत एक करार केला आहे. प्रवेश, नोंदी, विषयांची अदलाबदल, सगळं त्यात येतं. आपल्याकडे आपण हाताशी असलेला कायदा नीट वापरला तरी पुष्कळ काम होतं.

व्यवहारात असं करा. पालकांकडून जुन्या शाळेचं प्रगतिपुस्तक, आधार आणि यूडायसवरचा (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीतला) पेन क्रमांक, म्हणजे मुलाचा कायमचा शैक्षणिक क्रमांक, घ्या. पेन क्रमांक आणि जन्मतारीख असली की मुलाची नोंद नव्या शाळेकडे ओढून घेता येते. जुन्या शाळेनं नाव मोकळं केलं नसेल तर शाळेनं शाळेला फोन करावा. त्या आईला दोन राज्यांमध्ये फोन करत बसायला लावू नका. तिच्याकडे गॅसची जोडणी, भाडेकरार आणि सामानाचा ट्रक एवढं सगळं एकाच आठवड्यात असतं. मूल त्याच दिवशी वर्गात बसवा, कागद मागून येऊ दे.

एक कागद मात्र शाळेकडून त्यांना हवा असतो, आणि कार्यालयं त्यावर उगाच अडून बसतात. केंद्र सरकारच्या नोकरांना, म्हणजे फौजेतल्यांनाही, दोन मुलांपर्यंत शिक्षण भत्ता मिळतो. १ जानेवारी २०२४ पासून तो दरमहा दर मुलामागे २,८१२ रुपये ५० पैसे आहे. तो मागण्यासाठी हे मूल या वर्षी आमच्या शाळेत शिकत होतं, असं मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र लागतं. वर्षातून एकदा, अर्ध्या पानाचं काम. नमुना तयार ठेवा आणि मार्च संपला की मागण्याची वाट न बघता देऊन टाका. मध्येच शाळा सोडणाऱ्याला तर दाखल्यासोबतच द्या; नंतर तेवढ्यासाठी कुणी जोधपूरहून येऊ शकत नाही.

नववी ते बारावीचं मूल आलं तर मात्र थांबू नका. या वर्गांत मंडळाची नोंदणी असते. आई-वडिलांच्या बदलीमुळे दहावी-बारावीत शाळा बदलायला सीबीएसई परवानगी देते, पण अर्ज वेळेत आणि बदलीच्या कागदासह जावा लागतो. राज्य मंडळाकडे येणाऱ्यांसाठी शिवाजीनगरच्या मंडळाच्या कार्यालयात मुख्याध्यापकांनी स्वतः जाऊन लेखी विचारून घ्यावं. पालकांना पाठवलं की ते तीन खिडक्या फिरून परत येतात.

तिसरी पायरी: पहिले पंधरा दिवस

यावर फार लिहायची गरज नाही, पण ते करायलाच हवं. मूल यायच्या आधी त्याचा बाक ठरवा. शेजारी कोण बसणार तेही ठरवा, आणि तो वर्गातला पहिला नंबरवाला नको, बोलका आणि मऊ मनाचा हवा. पाणी कुठं, स्वच्छतागृह कुठं, डबा कुठं बसून खायचा, रिक्षाकाका कोणत्या फाटकाशी थांबतात, हे त्या सोबत्यानं दाखवायचं. पहिल्या दिवशी नव्या मुलाला फळ्यापुढे उभं करून 'स्वतःबद्दल दोन शब्द सांग' म्हणू नका. काही मुलांनी हे सहा शाळांत सहा वेळा केलेलं असतं. ती सराईतपणे बोलतात आणि बाकावर येऊन बसली की दिवसभर गप्प असतात.

गणवेश, बूट, वह्यांचा आकार यासाठी महिनाभर काही बोलू नका. दर दोन वर्षांनी सगळं नवं घ्यायचं म्हणजे खर्च होतो.

पंधराव्या दिवशी, विसाव्या नाही, नेमलेल्या माणसानं आईला फोन करायचा. तक्रारीसाठी नाही, 'डबा खातो, बोलायला लागलाय, गणितात एक धडा मागे आहे' एवढं सांगायला. नव्या शहरात त्या बाईला शाळेतून आलेला पहिला फोन चांगल्या बातमीचा असावा.

चौथी पायरी: अभ्यासातली भोकं, आणि मराठी

तीन शाळा बदललेल्या मुलानं अपूर्णांक दोनदा शिकलेले असतात आणि दशांश एकदाही नाही. प्रगतिपुस्तकावरून हे कळत नाही. जुन्या वह्या मागवा. कुठं तारखा थांबल्यात, कुठं नव्या शाळेची वही सुरू झाली, मध्ये काय गळलं, हे अर्ध्या तासात दिसतं. 'हुशार नाही' हा शेरा मारण्याआधी हा अर्धा तास द्या, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. मी पाहिलेल्या अशा मुलांपैकी बहुतेकांना अभ्यास जड जात नव्हता. मधला एखादा धडा त्यांच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता.

मराठीची गोष्ट मोठी आहे. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे मूल कुठंही गेलं तरी मराठी येणारच. ती यावी असं मलाही मनापासून वाटतं. पण सातवीत आलेल्या मुलाच्या हातात पहिलीचं पुस्तक देऊन 'अ अननसाचा' गिरवायला लावलं, तर ते मूल मराठीचा रागच करेल. हिंदी शिकून आलेल्या मुलाला देवनागरी येते. लिपी शिकवण्यात एक दिवसही घालवू नका. थेट वाचायला द्या: दुकानांच्या पाट्या, पीएमपीच्या बसवरची नावं, वर्तमानपत्रातला मुलांचा मजकूर. तमिळनाडूहून किंवा ईशान्येकडून आलेल्याला अक्षरओळख लागू शकते, ते आधी तपासा.

अडतं कुठं, तर ठरावीक जागी. 'ळ' हिंदीत नाही. मूल 'कमल', 'फल्याकडे' म्हणतं आणि वर्ग हसतो. 'चमचा' आणि 'चार' यांतले दोन च वेगळे, हे आपण कधी सांगतच नाही. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून 'ते झाड', 'ते घर' अवघड जातं. आणि पाढे! हा भाग नव्या शिक्षकांच्या ध्यानातच येत नाही. मुलाला सतरापर्यंत पाढे तोंडपाठ असतात, पण 'दो दूनी चार' या चालीत. वर्ग 'बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ' म्हणायला लागला की ते ओठ मिटून बसतं आणि आपण लिहितो, पाढे येत नाहीत. एकोणसाठ, एकोणऐंशी, त्र्याहत्तर हे आकडे कानावर आले की त्याचं मन आधी भाषांतर करतं, तोवर पुढचं गणित सुरू झालेलं असतं. तोंडी परीक्षेत अशा मुलाला आकडा फळ्यावर लिहून दाखवा आणि उत्तर कोणत्याही भाषेत घ्या. एक सत्र एवढं केलं की ते आपोआप मराठीवर येतं.

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते मराठी घरातल्याच मुलांकडे. आजीशी फोनवर झकास मराठी बोलणारं, पण जम्मूत आणि अंबाल्यात शिकलेलं मूल. शिक्षक म्हणतात, 'कुलकर्णी आहे, जाधव आहे, मराठी येतच की.' बोलता येतं. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, निबंध यातलं काहीच हातून उतरत नाही. परक्या मुलाला निदान सवलत मिळते, या मुलाला तीही मिळत नाही आणि वर 'मराठी असून?' हे ऐकावं लागतं.

आणखी एक. आपल्या राज्यात चौथीला शिवरायांचा इतिहास असतो. पाचवीत आलेल्या बाहेरच्या मुलानं तो शिकलेला नसतो. वर्गातली सगळी मुलं तोरणा, प्रतापगड, पन्हाळा अशी नावं घरच्यासारखी घेतात, आणि हे मूल बाजूला बसून ऐकतं. चौथीचं ते पुस्तक ग्रंथालयातून काढून त्याच्या हातात द्या, परीक्षेसाठी नाही, गोष्टीसारखं वाचायला. मग सिंहगडाच्या सहलीला ते इतरांच्या बरोबरीनं चढतं. उलट बाजूनं, भूगोलात हिमालय आला की बर्फात शाळेला सुट्टी कशी मिळते हे त्याला सांगू द्या. नकाशावर बोट ठेवून 'इथं मी राहिलोय' म्हणणारं मूल वर्गात क्वचित असतं. फक्त वडील आत्ता जिथं आहेत ती जागा त्यात येऊ देऊ नका.

पाचवी पायरी: वडील नसताना, आणि ते आल्यावर

सहीचं आधी मिटवा. आईची सही, आजोबांची सही, कुणाही घरातल्या मोठ्याची सही चालेल, हे वहीच्या पहिल्या पानावरच छापा. 'वडिलांची मुलाखत घ्या', 'बाबांसोबत रविवार' असले गृहपाठ देताना 'घरातल्या कुणाही मोठ्या माणसाची' असं लिहिलं की काम भागतं. वडील गमावलेल्या किंवा आईजवळ एकट्यानं वाढणाऱ्या मुलांनाही त्याचा उपयोग होतो. पालकसभा शनिवारी सकाळी असेल तर एकट्या आईला लहान मूल घेऊन यावं लागतं. तिला आणू द्या, आणि आधी बोलवून मोकळं करा.

वडील निघून गेल्यानंतरचे दोन-तीन आठवडे कठीण. मूल पोट दुखतं म्हणतं, वह्या विसरतं, कुणाला तरी ढकलतं. मोठी मुलगी असेल तर उलट होतं: एकदम शहाणी होते, धाकट्याचा डबा भरते, कधी रडत नाही. मला अशा शहाण्या मुलींची जास्त काळजी वाटते. तिला अधूनमधून एखादं बिनमहत्त्वाचं, मजेचं काम सांगा आणि खेळाच्या तासाला तिला वह्या तपासायला बसवू नका.

ज्या दिवशी सीमेवरची बातमी येते तो दिवस वेगळा. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी शाळांना सुट्टी होती, पण पुढची बातमी सुट्टी बघून येईल असं नाही. त्या दिवशी वर्गातल्या टीव्हीवर बातम्या लावू नका. 'युद्ध व्हावं का' असा वादविवाद त्या आठवड्यात घेऊ नका. मोबाइलबंदी असली तरी त्या मुलाला कार्यालयातून आईला एक फोन करू द्या. आणि तुम्हाला काही माहीत नसताना 'काही होणार नाही बाळा' असं वचन देऊ नका. 'मी इथं आहे, तुला केव्हाही बाहेर येऊन बसता येईल' हे खरं असतं, आणि तेवढंच बोलावं.

फोन बऱ्याचदा अवेळी येतो. एकदा चाचणी चालू असताना एका मुलाच्या आईचा निरोप आला की बाबांचा फोन लागलाय, नंतर लागणार नाही. आमच्या पर्यवेक्षकांनी पेपर बाजूला ठेवून त्याला कार्यालयात नेलं. सात मिनिटांनी परत आला, राहिलेला पेपर लिहिला, वेळ वाढवून दिला. नियमात हे कुठं लिहिलेलं नाही. लिहून ठेवायला हवं.

मग वडील सुट्टीवर येतात. फौजेत वार्षिक सुट्टी साठ दिवसांची असते, पण ती कधी मिळेल हे शाळेच्या दिवाळीवर ठरत नाही. जानेवारीत आले आणि मूल चार दिवस गावाला गेलं तर हजेरीवरून बोलू नका. त्या चार दिवसांचा अभ्यास सोबत्याच्या वहीतून उतरवता येतो. परत आल्यावर मूल थोडं बिथरतं, कारण घरातली शिस्त बदललेली असते, आणि कधी निघणार याचे दिवस ते मोजत असतं. वडील गावात असताना त्यांना शाळेत बोलवा, मुलाच्या बाकावर बसवा, वह्या दाखवा. पालकसभेची तारीख नसली तरी. त्यांना वर्षात तोच एक दिवस मिळतो.

सहावी पायरी: जखम, उपचार आणि मृत्यू

पुण्यात ही वेळ इतर शहरांपेक्षा जास्त येते, कारण उपचार इथं होतात. वानवडीला कमांड हॉस्पिटल आहे, १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे, आणि खडकीला १९७४ पासून पाठीचा कणा दुखावलेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. देशभरातल्या जखमी जवानांची कुटुंबं महिनोन् महिने इथं येऊन राहतात. असं मूल तुमच्या शाळेत 'थोड्या दिवसांसाठी' येतं. थोडे दिवस म्हणून त्याला मागच्या बाकावर बसवून ठेवू नका. ते थोडे दिवस कधी वर्षभर होतात. पाय गमावलेले वडील शाळेत येतील तेव्हा रॅम्प आहे का, नसेल तर तळमजल्यावर कुठं भेटायचं, हे आधी ठरवा. मुलांना आधी साध्या शब्दांत सांगून ठेवा, म्हणजे कुणी टक लावून बघत बसणार नाही.

मृत्यूची बातमी आली तर ती मुलाला सांगायचं काम घरच्यांचं आणि युनिटच्या माणसांचं आहे, शाळेचं नाही. शाळेनं एवढंच बघायचं की रिक्षात, मैदानात, कुणाच्या मोबाइलवरून ते आधी त्याच्या कानावर जाऊ नये. मूल परत येण्याआधी वर्गाशी बोला. काय म्हणायचं हे मुलांना कळत नसतं. 'आम्हाला वाईट वाटलं, चल खेळायला' एवढं पुरतं, हे त्यांना सांगा. परत आल्यावर लगेच सत्कार, हार, छायाचित्रं नकोत.

कुटुंबाला कागदांत मदत लागते. युद्धात किंवा कारवाईत वीरगती मिळालेल्या वा अपंगत्व आलेल्या जवानांच्या मुलांचं शिक्षण शुल्क आणि वसतिगृहाचा खर्च केंद्राकडून मिळतो. त्यावरची दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा २०१८ मध्ये काढून टाकली गेली. शाळेनं शुल्काच्या पावत्या वेळच्या वेळी आणि मुलाच्या नावानं द्याव्यात. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं मुख्यालय घोरपडीत युद्धस्मारकासमोर आहे. नेमलेल्या माणसानं एकदा तिथं जाऊन यावं, म्हणजे पालकांना नुसता पत्ता न देता 'माझ्यासोबत चला' म्हणता येतं.

मूल झोपत नाही, खात नाही, सतत दचकतं, किंवा महिना उलटला तरी बोलत नाही, तर समुपदेशकाकडे न्यावं लागतं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, आणि सैन्यदलातले लोक व त्यांच्या कुटुंबांसाठी टेली-मानसचा वेगळा कक्ष २०२३ पासून पुण्यातच, एएफएमसीत आहे. हे दोन्ही वर्गशिक्षकांच्या वहीत लिहिलेले असावेत.

राष्ट्रीय सणांबद्दल थोडं

१५ जानेवारी २०२५ ला सेनादिनाचं संचलन खडकीत झालं तेव्हा आमची मुलं किती हरखली होती! अभिमान वाटलाच पाहिजे. पण २६ जानेवारीला फौजेतल्या मुलांना पुढं बोलावून रांगेत उभं करण्याआधी त्यांना आणि आईला वेगळं बोलावून विचारा. काहींना फार आवडतं. काहींना त्या दिवशी बाबांची आठवण येते आणि सगळ्या शाळेसमोर रडू येईल याची भीती वाटते. 'नाही' म्हणालं तर कारण विचारू नका. कारगिल दिनाच्या भाषणातही पाठांतराचा जोश असतो. ऐकणाऱ्यांत कुणाचे बाबा आत्ता त्याच डोंगरात असतील, हे भाषण लिहून देणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

शेवटची पायरी: निरोप

आलेलं मूल जाणारच आहे. त्यासाठी पहिल्या दिवसापासून एक साधी फाइल ठेवा. त्यात कोणते धडे झाले, कोणते नाहीत, त्याचा एक निबंध, एक चित्र, मराठी कुठवर आली, कशाला घाबरतो, कशानं खुलतो, हे एका पानावर. पुढच्या शिक्षकाला उद्देशून, हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा, म्हणजे तिकडे वाचता येईल. त्याखाली शाळेचा दूरध्वनी आणि तुमचं नाव.

जाण्याची तारीख वर्गाला आधी कळू द्या. काही मुलं सोमवारी यायची बंद होतात आणि वर्गाला कारणच कळत नाही. राहिलेल्या सोबत्यालाही ते लागतं. शेवटच्या शुक्रवारी शेवटचा तास मोकळा ठेवा. मुलांनी वहीत पत्ते लिहून द्यावेत, सोबत्यानं बाकावरची जागा दाखवून फोटो काढावा. भेटवस्तूची गरज नाही, सामान आधीच खूप असतं.

दाखला, शिक्षण भत्त्याचं प्रमाणपत्र आणि फाइल एकाच पाकिटात घालून शेवटच्या दिवशी आईच्या हातात द्या. ट्रक सकाळी सहाला निघतो. 'सोमवारी येऊन घेऊन जा' हे त्या घराला जमत नाही. महिन्याभरानं यूडायसवर बघा, नव्या शाळेनं नाव मागितलं आहे का, आणि मागितलं असेल तर त्याच दिवशी मोकळं करा. मागितलंच नसेल, तर एक फोन लावा आणि विचारा की शाळा मिळाली का.